पार्कात उडवायला रिमोटचं छोटं लढाऊ विमान : कोणतं घ्यावं?

मधलीसुट्टी
शुक्रवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यात बेचाळीस पूर्ण करतोय आणि यंदा स्वतःलाच काहीतरी द्यायचं ठरवलंय. बायकोचं म्हणणं, ट्रेडमिल घ्या. मला रिमोटवर उडणारं लढाऊ विमान हवंय. दुसऱ्या महायुद्धातलं, पुढे पंखा असलेलं. जेट नको.

कारण सांगतो. आजोबा एअरफोर्समध्ये रिगर, म्हणजे विमानांची जोडणी-देखभाल करणारे, होते. शेहेचाळीस साली भरती झाले, पुढे अंबाल्याला हार्वर्ड (शिकाऊ विमान) आणि स्पिटफायरवर हात काळे केले. रिटायर झाल्यावरही जेवताना काकडीची तिरपी चकती ताटाच्या कडेला लावून "हा असा पंख, लंबगोल, असा दुसऱ्या कुणाचा नव्हता" असं आम्हा नातवंडांना दाखवायचे. आजी म्हणायची, आधी खा ती.

घराजवळ (कर्वेनगर, पुणे) शाळेचं मैदान आहे, साधारण फुटबॉलच्या मैदानाएवढं. दोन बाजूंना गुलमोहर, एका बाजूला सोसायटीचं पार्किंग. नेटवर बरंच बघून ४०० मिमी पंखांच्या फोमच्या विमानांवर येऊन थांबलोय. रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं एकाच खोक्यात येतं. त्यात स्पिटफायर, मस्टँग, कॉर्सेअर, मेसरश्मिट, पी-४०, ट्रोजन अशी सगळी पंगत आहे. मला अर्थातच स्पिटफायर.

याआधी उडवलेलं : पतंग. आणि भाच्याचं हेलिकॉप्टर, जे छताच्या पंख्यात गेलं.

बजेट दहा-बारा हजार. घेऊ ना?

खारीचा_वाटा
शुक्रवार, रात्री ११:३०

मी पयला!
ट्रेडमिल घ्या. कपडे वाळत घालायला बरं पडतं. (हलके घ्या.)

टेलड्रॅगर
शनिवार, सकाळी ६:५०

आजोबांचं वाचून मस्त वाटलं. आता जरा थंड पाणी ओततो, राग मानू नका.

कोणतं विमान हा प्रश्न नंतरचा. आधी मैदान बघू. शंभर मीटर लांब धरा. ४०० मिमीचं विमान निवांत ताशी ३६ किमीने जातं, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा सेकंद. वळायला दोन्हीकडे वीस-वीस मीटर सोडा. उरले सहा सेकंद. तेवढ्यात तुम्हाला ओळखायचंय की ते आपल्याकडे येतंय की लांब चाललंय. येत असेल तर डावं-उजवं उलटं. माझ्यासमोर जेवढ्या नवशिक्यांनी विमानं आपटली, त्यातली बहुतेक याच गोंधळात.

आता यात वारा घाला. ताशी १५ किमीचा वारा म्हणजे झाडाची पानं आणि बारक्या डहाळ्या सारख्या हलत असतात, एवढंच. आपल्याला ती झुळूक वाटते. विमान मात्र वाऱ्याविरुद्ध जमिनीच्या हिशेबाने ताशी २१ने रांगतं आणि वळलं रे वळलं की ५१ने सुटतं. पार्किंगच्या दिशेने. आणि हे सगळं प्रकरण बॅटरीसकट सत्तर-ऐंशी ग्रॅमचं. वडापाव जड भरतो.

म्हणून आकार तुम्ही बरोबर निवडलाय. त्या मैदानात ८००-१००० मिमीचं आणू नका, ते तिथे कोंडल्यासारखं होईल आणि आपटलं तर एखाद्याला चांगलंच लागेल. फक्त स्पिटफायर नको. ट्रोजन घ्या. स्पिटफायर दुसरं घ्या. दुसरं येतंच, त्याची काळजी नको.

उडवायची वेळ : सूर्य उगवल्यावर तासभर. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी पान हलत नाही. जून ते ऑगस्ट खोकं माळ्यावर.

मधलीसुट्टी
शनिवार, सकाळी ९:०५

ट्रोजन म्हणजे ते गुबगुबीत? त्याचा चेहरा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांसारखा आहे. शिवाय ते ट्रेनर ना? मला लढाऊ हवंय हो. चाळिशीत शिकाऊ विमान म्हणजे सायकलला मागे दोन छोटी चाकं लावून फिरल्यासारखं.

डोक्याला_शॉट
शनिवार, सकाळी ९:४०

या टेलड्रॅगरकाकांचं ऐकू नका. ते लाकडी पट्ट्या आणि टिश्यूपेपरच्या काळातले आहेत.

या छोट्या विमानांत आता जायरो असतो, म्हणजे विमानाचा तोल आपोआप सांभाळणारा सेन्सर. तीन मोड. पहिल्यात विमान ठरावीक कोनापलीकडे कलंडतच नाही, रिमोटची काडी सोडली की आपोआप सरळ. दुसऱ्यात थोडी मोकळीक. तिसऱ्यात सगळं तुमच्या हातात. मी थेट मस्टँगवर शिकलो, पहिल्याच दिवशी चार बॅटऱ्या उडवल्या, काही झालं नाही. मस्टँग घ्या. दोन चाकांत अंतर भरपूर आहे, पंख सरळ आहेत, आणि आपल्या एअरफोर्सकडेही होतंच की.

टेलड्रॅगर
शनिवार, सकाळी १०:२५

@डोक्याला_शॉट : मस्टँग आपल्याकडे नव्हतं. हरिकेन होती, स्पिटफायर होती, टेम्पेस्ट होती. काश्मीरच्या १९४७-४८च्या लढाईत स्पिटफायर आणि टेम्पेस्ट उडाली. मॉडेल म्हणून मस्टँग चांगलं, त्याबद्दल वाद नाही.

जायरोचं मात्र सविस्तर लिहितो, कारण "जायरो आहे ना" म्हणून लोक उलट जास्त आपटतात. वाऱ्याच्या धक्क्यांना जायरो सांभाळतो, नवशिक्याच्या घाबऱ्या बोटांनाही सांभाळतो. पण त्याला गुलमोहर दिसत नाही. आणि स्टॉलमध्ये, म्हणजे पंखाची उचल सुटते तेव्हा, तो तुमचा वैरी होऊ शकतो. विमान फार हळू झालं की एका पंखाचं टोक हवा सोडतं आणि तो पंख खाली जातो. जायरोला एवढंच कळतं की डावा पंख पडला. तो त्या पंखाचा एलेरॉन (मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली दाबतो, म्हणजे आधीच धाप लागलेल्या टोकावर आणखी ओझं. टोक पूर्णच सुटतं. बघणाऱ्याला वाटतं विमानाने मुद्दाम डावीकडे डोकं आपटून घेतलं. उपाय जुनाच : नाक खाली, थ्रॉटल (मोटरचा वेग) वर, मग वळवा.

@मधलीसुट्टी : काकांना माझा नमस्कार सांगा. टी-२८ ट्रोजन हे नॉर्थ अमेरिकन कंपनीचं. मस्टँग त्यांचंच, आणि तुमच्या आजोबांचं हार्वर्डही त्यांचंच. १९४९ साली पहिल्यांदा उडालं, जन्म शिकवण्यासाठीच. पण पुढे पंखांखाली बॉम्ब आणि रॉकेटं टांगून लाओस-व्हिएतनाममध्ये चांगलंच लढलं. तेव्हा लढाऊ नाही असं म्हणू नका. शिवाय पंख समोरून बघितले तर उथळ परातीच्या कडांसारखे वर उचललेले, त्यामुळे कलंडलं तरी स्वतःहून सरळ व्हायला बघतं. नाकाखाली चाक आहे, म्हणून उतरताना तोंडावर पडत नाही. आणि बहुतेक पिवळं किंवा पांढरं-लाल असतं. याचं महत्त्व विमान गुलमोहरासमोरून जाताना कळेल.

स्पिटफायरचं म्हणाल तर खऱ्या विमानाच्या पंखाला पीळ (वॉशआउट) होता. मुळाशी दोन अंश वर, टोकाकडे जाता जाता अर्धा अंश खाली. स्टॉल झाला तर आधी मुळाशी व्हावा, टोकं आणि एलेरॉन शेवटपर्यंत कामात राहावेत, म्हणून. ४०० मिमीच्या फोमच्या साच्यात तो पीळ किती उतरलाय ते विमान हातात घेऊन मागून बघितल्याशिवाय कळत नाही. दुसरं म्हणजे चाकं. स्पिटफायरची चाकं पंखात बाहेरच्या बाजूला दुमडायची, म्हणून त्यांचे पाय पोटाजवळ, दोन चाकांत अंतर कमी. हरिकेनची आतल्या बाजूला दुमडायची म्हणून पाय लांब-लांब. खऱ्या वैमानिकांना जे जमिनीवर त्रासदायक व्हायचं ते मॉडेललाही होतं, वर आपलं गवत आणि चण्याएवढी चाकं. उतरलं की डुलतं, पंख टेकतं, गिरकी घेतं.

माझं पहिलं स्पिटफायर असंच गेलं. भावाला फोटो हवा होता, म्हणून हळूऽऽ डोळ्यांच्या उंचीवरून आणलं. फोटो आला. फोटोत विमान नव्वद अंशांत आहे आणि मागे वॉचमन डबा उचलून पळतोय.

न्यूजर्सीकर
शनिवार, सकाळी ११:१५ (इथे रात्र आहे, झोप येत नाही)

टेलड्रॅगर यांच्याशी सहमत. इथे 'यूएमएक्स' मालिकेतली छोटी विमानं मिळतात, फार सुबक. पण त्यांचा रेडिओ वेगळा घ्यावा लागतो, तुमचं बजेट फाटेल.

इकडचं सांगायचं तर २५० ग्रॅमच्या आतलं हौशी विमान नोंदवावं लागत नाही, पण एक छोटी मोफत परीक्षा द्यावी लागते. आणि कागदोपत्री सगळं ठीक असूनही आमच्या काउंटीच्या पार्कात पाटी आहे, उडवायला मनाई. म्हणून मी क्लबच्या मैदानावर जातो. तिथे एक आजोबा रोज कॉर्सेअर उडवतात. काय दिसतं म्हणून सांगू! पंख आधी खाली आणि मग वर. खऱ्या कॉर्सेअरचा पंखा जवळजवळ चार मीटर व्यासाचा होता, तो जमिनीला लागू नये आणि चाकांचे पायही आखूड राहावेत, म्हणून पंखच वाकवले.

खारीचा_वाटा
शनिवार, सकाळी ११:४०

मुंबईकरांनी काय करायचं ते पण सांगा. आमच्याकडे मैदान म्हणजे एका वेळी अकरा क्रिकेटच्या मॅचेस. आणि पोलिसांचा आदेश निघतो अधूनमधून, ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटची छोटी विमानं, सगळ्यांवर बंदी. मी ऑफिसला कागदाची उडवतो. वॉशआउट देतो त्याला आता.

नियमावली
शनिवार, दुपारी १:०२

कुणी काढलं नाही म्हणून मीच कंटाळवाणं लिहितो.

भारतात हे सगळं ड्रोन नियम २०२१ मध्ये येतं. "ड्रोन नाही, खेळण्यातलं विमान आहे" असं म्हणून सुटका नाही. रिमोटची मॉडेल विमानं त्यात स्वतंत्रपणे धरली आहेत : करमणूक, शिक्षण, संशोधनासाठी, आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायची. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलटचं लायसन्स लागत नाही, मायक्रोलाही धंद्यासाठी नसेल तर नाही. म्हणजे वजनाच्या बाबतीत तुम्ही सुखी.

खरी अडचण जागेची. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर नकाशा आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही (विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच). पिवळ्या भागात परवानगी. लाल भागात केंद्र सरकारची परवानगी, म्हणजे विसरा. पुण्यात एका अंगाला लोहगावचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला एनडीए. आधी नकाशा बघा, मग विमान.

दुसरं, परदेशातून परस्पर मागवू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरचे ड्रोन आयात करायला बंदी आहे, तयार असोत की जुळवायचे. सुटे भाग चालतात. कस्टमवाला तुमच्या स्पिटफायरकडे कोणत्या नजरेने बघेल याची हमी मी देत नाही. इथल्या विक्रेत्याकडून, पक्क्या बिलाने घ्या.

आणि शाळेची लेखी परवानगी. मुख्याध्यापक बदलले की तोंडी परवानगी बदलते.

पन्हाळकरीण
शनिवार, दुपारी ४:२०

छान चाललाय धागा. कॉलेजात पोरांना विमानं शिकवते, त्यामुळे नाक खुपसते.

टेलड्रॅगर यांनी पंखाच्या पिळाबद्दल लिहिलं ते बरोबर, त्यात एक भर. पंखाची रुंदी जितकी कमी, तितकी हवा त्याला चिकटून वाहायला कुरकुर करते. खऱ्या विमानाला हे फारसं जाणवत नाही, मुठीएवढ्या रुंदीच्या मॉडेलला फार जाणवतं. लंबगोल पंख टोकाकडे निमुळता होत जवळजवळ संपतोच. म्हणजे कागदावर सगळ्यात देखणा आणि कार्यक्षम पंख छोट्या आकारात सगळ्यात तापट होतो. ट्रोजनचा पंख टोकालाही बऱ्यापैकी रुंद आहे, तो माफ करतो.

रंगाबद्दलही लिहिते, कारण लोक हे विकत घेताना बघतच नाहीत. कॅमोफ्लाज हा रंग विमान दिसू नये म्हणूनच शोधला आहे! साठ मीटरवर हिरव्या झाडीपुढे स्पिटफायर गेलं की नुसता ठिपका, वरची बाजू दिसतेय की खालची ते कळत नाही. १९४४च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या स्वारीच्या आधी दोस्तांनी आपल्या विमानांच्या पंखांवर आणि शेपटीकडच्या भागावर काळे-पांढरे पट्टे मारले, का? तर आपल्याच तोफांनी आपलीच विमानं पाडू नयेत. तुमची अडचण तीच आहे. पट्टे फक्त पंखांच्या खालच्या बाजूला मारा, वर नको. पट्टे दिसले म्हणजे पोट दिसतंय. वजन वाढू नये म्हणून रंग नको, पातळ टेप.

अवांतर : मला कुणी विचारलं तर मी एचटी-२ बनवा म्हणेन. हिंदुस्तान एअरक्राफ्टचं शिकाऊ विमान, १९५१ साली उडालं, आपल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं डिझाइन. गटिंगेनला प्रांटल यांच्याकडे शिकलेला माणूस. खाली बसवलेले साधे पंख, कुठे लाड नाहीत. फोमशीटमधून दोन रविवारांत कापून होतं. पण ते बाजारात तयार मिळत नाही आणि धागाकर्त्यांना लढाऊ हवंय, तेव्हा हे माझं रडगाणं.

डोक्याला_शॉट
शनिवार, सायंकाळी ६:१५

मस्टँगची चूक मान्य. टेम्पेस्टचं ४०० मिमी मॉडेल कुणी बनवत असेल तर मी आजच घेतो. जायरोबद्दल काका बरोबर असतील, पण त्याच्याशिवाय मी आज हा छंद सोडलेला असता हेही लिहून ठेवा.

शॉर्टसर्किट
शनिवार, रात्री ९:५०

बॅटरी आणि गोंद, हे दोनच विषय मला येतात.

या विमानांत एका सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी असते. पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट, आणि ३.३च्या खाली आणू नका. मोटर मंद वाटायला लागली की लगेच उतरा, "एक शेवटची फेरी" हीच शेवटची असते. घरी ठेवताना ३.८च्या आसपास ठेवा, पूर्ण भरून महिनाभर कपाटात नको, फुगते. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. चार्ज होताना शेजारी बसा, रात्री लावून झोपू नका. उन्हात गाडीत तर अजिबात नको. खोक्यात बॅटरी एक किंवा दोन येतात, आणखी दोन घ्या. एकीवर दहा मिनिटं उडवून घरी जायचं म्हणजे लग्नात वरण-भातावर उठल्यासारखं. नवी घेताना कनेक्टर जुळतोय का ते बघा, दिसायला सगळे सारखेच पांढरे असतात.

गोंद : फोम कोणता ते आधी ओळखा. रबरासारखा वाकून परत येणारा (ईपीपी) किंवा टणक पण चिवट (ईपीओ) असेल तर फेविक्विक चालतं. टीव्हीच्या खोक्यात येतो तो दाणेदार पांढरा थर्माकोल असेल तर फेविक्विक त्याला खातं, अक्षरशः भोक पडतं. आधी आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघा. गरम गोंदाची बंदूक वापरू नका, पुढे दहा ग्रॅम लावलेत तर तुमचं वजनाचं गणितच बदललं.

टेलड्रॅगर
रविवार, सकाळी ७:१०

वरचं सगळं +१. प्रॉप (पुढचा पंखा) जास्तीचे घ्या, तीन-चार. मोटरच्या टोकाला रबरी रिंगने अडकवलेला प्रॉप असेल तर आपटल्यावर तो नुसता निसटतो. पक्का बसवलेला असेल तर तुटतो. आणि तुटणारा प्रॉप चांगला, त्याच्यामागचा दांडा वाकला तर डोकेदुखी.

गवतावर चाकं काढून टाका. हाताने सोडायचं, पोटावर उतरवायचं. वजनही कमी होतं. सोडताना जोरात फेकू नका, भाकरी तव्यावर टाकतो तसं सपाट, पुढे. नाक आभाळाकडे करून फेकलेलं विमान तिथेच बसतं.

घारींचं कुणी लिहिलं नाही. पुण्यात-नाशकात ही खरी गोष्ट आहे. वर घिरट्या दिसल्या तर थांबा. माझ्या एका मस्टँगला घारीने वरून पाय मारला, पंखावर तीन छिद्रं अजून आहेत. घार शाबूत गेली, हे महत्त्वाचं. संक्रांतीनंतर महिनाभर झाडांत अडकलेला मांजाही बघून घ्या.

मधलीसुट्टी
तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी २:३०

मंडळी, अपडेट.

नकाशा बघितला. शाळेचं मैदान हिरव्यात नाही. मुख्याध्यापकांना विचारण्याआधीच विषय संपला. नियमावली, तुमच्यामुळे वाचलो. सासुरवाडी फलटण तालुक्यात आहे, तिथे नकाशा हिरवा, आणि मेव्हण्याच्या गावात शाळेचं मैदान आहे, पार्किंग नाही, एका बाजूला ओढा. परवानगी अर्ध्या तासात मिळाली, अट एकच : पोरांनाही दाखवायचं.

विमान ट्रोजन घेतलं. पिवळं. (वरच्या काकांना पेढा दिला, कारण सांगितलं नाही.)

पहिलं उड्डाण : चार सेकंद. झालं असं की बॅटरी लावली, विमान हातात धरूनच मेव्हण्याला समजावत होतो, हातवारे करत. बॅटरी लावल्यावर विमान सपाट जागी, न हलवता ठेवायचं असतं, तेव्हाच जायरो "सरळ म्हणजे काय" ते शिकतो. पुस्तिकेत लिहिलंय. मी वाचली होती. माझ्या विमानाला हातवारे म्हणजे सरळ असं वाटलं. सोडल्या सोडल्या उजवीकडे कलंडून ओढ्याच्या अलीकडच्या बाभळीत. काटे मी काढले, माझे मेव्हण्याने काढले. नाक चेपलं होतं, गरम पाण्याच्या वाफेवर धरलं तर बऱ्यापैकी फुगून परत आलं. हे कुणी लिहिलं नव्हतं, सासूबाईंनी सुचवलं, त्यांना वाटलं इडलीसारखं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहा. धुकं उतरत होतं, पान हलत नव्हतं. विमान बाकावर ठेवलं, बॅटरी लावली, दहा आकडे मोजले. मग सोडलं. पहिल्या मोडमध्येच. ते गेलं सरळ. मला वळवायचं सुचेना, इतकं सरळ. मेव्हणा ओरडला, "दाजी, ओढा!" तेव्हा वळवलं. सहा सेकंदांचं गणित बरोबर आहे. पण पाचव्या-सहाव्या फेरीला सहाचे आठ झाल्यासारखे वाटायला लागले.

लेक (वय अकरा) माझ्यापेक्षा बरी उडवते. समोरून येताना तिचा गोंधळ होत नाही. विचारलं कसं, तर म्हणाली, "जो पंख खाली पडलाय त्याच्याकडे काडी ढकलायची, बाबा." हे कुठे शिकली ते सांगत नाही.

तीन बॅटऱ्यांनंतर दोन घारी आल्या, आम्ही उतरवलं.

टेलड्रॅगर
रविवार, दुपारी ३:०५

लेकीला माझ्यातर्फे एक प्रॉप बक्षीस. तिने सांगितलं तेच मी लोकांना दोन-दोन तास समजावतो.

शॉर्टसर्किट
रविवार, दुपारी ३:४०

वाफेचा उपाय ईपीओला चालतो, पण वाफ लांबून. उकळत्या पाण्यात बुडवू नका, खरवडल्यासारखा पृष्ठभाग होतो. सासूबाईंना सा.न.

डोक्याला_शॉट
रविवार, सायंकाळी ५:२०

दाजी, ओढा!

मधलीसुट्टी
आणखी दोन महिन्यांनी, शनिवार, रात्री १०:४५

ट्रोजनवर चाळीसेक बॅटऱ्या झाल्या. तिसऱ्या मोडमध्ये मी अजून घाबरतो, लेक उलटं उडवते. आज स्पिटफायर आलं. खोकं उघडून आधी मागून बघितलं, टेलड्रॅगर म्हणाले तसं. पीळ आहे थोडा, डाव्या पंखाला उजव्यापेक्षा जास्त वाटतो. गरम पाण्याच्या पट्टीने सारखा करता येईल का?

आणि आजोबांच्या काळातलं करायचं म्हणतोय. खोक्यातले स्टिकर ब्रिटिश आहेत, लाल-पांढरी-निळी वर्तुळं. सेहेचाळीस-सत्तेचाळीसला अंबाल्याला काय असेल?

पन्हाळकरीण
शनिवार, रात्री ११:२०

पीळ सारखा करता येईल. दोन्ही टोकं एकाच वेळी, एकाच वाफेवर धरा, पुस्तकांखाली दाबून गार होऊ द्या. मग सपाट टेबलावर ठेवून दोन्ही टोकांची मागची कड टेबलापासून किती वर आहे ते पट्टीने मोजा. डोळ्यावर विश्वास नको.

वर्तुळांचं असं : ब्रह्मदेश आघाडीवर जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, म्हणून आपल्या बाजूच्या विमानांच्या वर्तुळातला लाल काढून टाकला होता. बाहेर गडद निळा, आत फिकट निळा किंवा पांढरा. आपल्या एअरफोर्सनेही तेच वापरलं. तिरंगी वर्तुळ नंतरचं. आजोबा शेहेचाळीसला भरती झाले तर सुरुवातीला हात लागला असेल तो या निळ्यांना.

मधलीसुट्टी
शनिवार, रात्री ११:३५

म्हणजे दोन निळ्या टेपा. आणि खाली काळे-पांढरे पट्टे, ते इतिहासात बसत नाहीत तरी मारतो, मला दिसायला हवं.

टेलड्रॅगर
रविवार, सकाळी ६:४०

मारा. आणि पहिल्या फेरीला फोटो काढायला कुणाला बोलावू नका.